प्लॅस्टर बोलत नाही

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. दातकाकांचं मात्र बत्तीस वर्षं त्यावरच भरत होतं. त्यांच्या बायकोचं आणि दोन मुलींचंही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्यांचे ठसे घेत. ते ठसे डब्यांतून काकांच्या खोलीत येत. काका त्यांत प्लॅस्टर ओतून त्या माणसाचं तोंड टेबलावर उभं करत, जो दात नसेल तो मेणात कोरत, मग मेणाच्या जागी पक्का दात बसवून, घासून, चमकवून डबा परत वर पाठवत. एवढं करून त्या तोंडाचा मालक काकांना दवाखान्यात कधी दिसत नसे. तो वरच्या मजल्यावर खुर्चीत आ वासून बसलेला असे आणि काका खाली जिन्यामागच्या खोलीत.

खोलीला एक खिडकी. तिच्याशी लांब टेबल, वाकड्या मानेचा दिवा, पॉलिशचं चाक, एक छोटी भट्टी आणि तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर शेकडो पांढरी तोंडं, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. मीटर बघायला आलेला माणूस पहिल्यांदा आत शिरला तो उलट्या पावली बाहेर गेला, ही गोष्ट डॉक्टरीणबाई येईल त्याला सांगत. काकांना मात्र त्या तोंडांची सोबत वाटे. ती काही विचारत नसत, हसत नसत, आणि काका बोलू लागले तर एकमेकांकडे बघत नसत.

कारण होता काकांचा आवाज. चौदाव्या वर्षी फुटायचा तो नीट फुटलाच नाही. बारीक, चिरका, आणि जोर लावला की आणखी वर चढणारा. शाळेत त्यांना पिपाणी म्हणत. एकोणिसाव्या वर्षी चर्चमध्ये वाचनाची पाळी आली. पहिलं वाक्य संपायच्या आत मागून कोणीतरी तोंडानं ‘पीऽऽ’ केलं आणि अख्खी मंडळी, म्हणजे प्रार्थनेला जमलेली भली माणसं, हसली. मुद्दाम नव्हे, हसू आलं, हसली. पोरानं पुस्तक मिटलं आणि तडक दाराकडे चालू लागला. आईनं वाटेत डोळे वटारले म्हणून बाहेर न पडता दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. त्या बाकावरून तो तेहतीस वर्षं उठला नाही. म्हणजे नोकरीला लागला, लग्न केलं, मुली झाल्या, केस पिकले. पण रविवारची जागा तीच.

लग्न केलं तेही नेमकं ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीशी. ऑर्गन अगदी पुढे, वेदीच्या डाव्या हाताला. त्यामुळे दर रविवारी बायको एका टोकाला, नवरा दुसऱ्या. “यांचा संसार टिकला तो अंतर राखल्यामुळे,” असं चर्चचे पाळकसाहेब एकदा भर उपासनेत म्हणाले होते, आणि काकूंनी त्याला उत्तर म्हणून ऑर्गनचा एक जाडजूड सूर दाबला होता. शेवटच्या बाकावरून काकांना माणसं दिसत ती पाठमोरी: माना, टकलं, अंबाडे, कॉलरी. तोंडं दिसत ती उपासना सुटल्यावर, दारातून एकेक बाहेर पडताना. एखादे गृहस्थ हसत पुढे आले की काकांना त्यांच्या नावाआधी डबा आठवे. नंबर चारशे बारा, वरचा डावा सुळा, दोनदा परत आलेला.

आता अशा माणसाच्या हाती चर्चचा तरुण संघ द्यावा, ही अक्कल पाळकसाहेबांची. आधीचा पुढारी बदली होऊन गेला तेव्हा ते काकांना म्हणाले, “दोन शनिवार सांभाळा, तोवर कोणीतरी बघतो.” त्या दोन शनिवारांना अकरा वर्षं झाली. कोणी बघितलंही नाही आणि काकांनी आठवणही करून दिली नाही, कारण चर्चमागच्या त्या हॉलमध्ये, पंधरा-सोळा पोरांच्या गोलात, लंगड्या लोखंडी खुर्चीवर बसून बोलताना त्यांना आपला आवाज ऐकू येत नसे. पोरं तर त्या आवाजाला पहिल्याच महिन्यात सरावली होती.

पोरांचे प्रश्न काकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एकजण काटकुळा म्हणून भर उन्हाळ्यात जाकीट काढत नसे. एक मुलगी वर्गात पहिली येई आणि शंभरातले चार मार्क कुठे गेले म्हणून स्वतःला आठवडाभर कोसत बसे. फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करून देणारं काहीतरी होतं, ते वापरल्याशिवाय कोणीच आपला फोटो कोणाला पाठवत नव्हतं. आधीच्या पुढाऱ्यापासून यावर एक उपाय संघात चालत आला होता: रोज सकाळी आरशापुढे उभं राहून दहा वेळा म्हणायचं, मी खास आहे. संघातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा पोरगा, ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो काकांना म्हणाला, “काका, मी म्हणतो रोज. पण आरशाला पटतच नाही!”

काका त्यावर पोट धरून हसले. मग त्यांनी पोरांना आपल्या मास्तरांची गोष्ट सांगितली. शेवटच्या बाकावर रुसून बसलेल्या पिपाणीला त्या मास्तरांनीच हाताला धरून दातांच्या कामाला लावलं होतं. “मी त्यांना विचारलं, मला का घेतलंत? तर म्हणाले, तू मला आवडतोस म्हणून नाही घेतलं बरं का. माझी आवड रोज बदलते. काल मला भेंडी आवडत होती, आज नाही. तू देवाला आवडतोस, आणि त्याची आवड बदलत नाही. म्हणून ही खुर्ची तुझी. आता बस आणि मेण वितळव.” एवढं सांगून काका म्हणाले, “बाळांनो, आरशाला कशाला विचारता? आरसाही भेंडीसारखाच. आज आवडाल, उद्या नाही.”

या संघात एक मुलगी होती. सतरा वर्षांची, हुशार, सगळ्यांच्या पाठीशी उभी राहणारी, आणि तोंडावर कायम हातरुमाल. सर्दी बारा महिने असते का कोणाला? पण ती बोलली की रुमाल वर, हसली की रुमाल वर. रविवारच्या शाळेतली चिमुरडी तिला सरळ रुमालताई म्हणत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना वाटे नावच ते. चार वर्षांपूर्वी तिला वाचनाला उभं केलं होतं. दुसऱ्याच ओळीला पुढच्या बाकावरचं एक पोर मोठ्यानं म्हणालं, “आई, हिचे दात कुठं गेले?” आणि पोरगी पळून गेली होती. त्यानंतर चर्चमध्ये तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. काकांनी हे शेवटच्या बाकावरून पाहिलं होतं. ती त्यांच्याच बाजूनं, त्यांच्याच दारानं पळाली होती.

एका शनिवारी काका पिशवीतून बारा प्लॅस्टरची तोंडं घेऊन हॉलमध्ये आले. नंबर खोडलेले, कोणाचं कोणतं ते कळू नये म्हणून. ती टेबलावर मांडली आणि म्हणाले, “सगळ्यात चांगलं तोंड निवडा.”

पोरं तुटून पडली. कोणाचे दात एकावर एक चढलेले, कोणाचा सुळा बाहेर, कोणाच्या पुढच्या दातांत फट. शेवटी एकमतानं सातवं तोंड निवडलं गेलं. सरळ रांग, एकसारखी उंची, कुठे खोट नाही.

“नक्की?” काकांनी विचारलं.

“नक्की!” भोंगा ओरडला.

“या बाबाच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही,” काका म्हणाले. “ही कवळी आहे. मी केलेली.”

पाच मिनिटं हसू आवरेना. मग काका म्हणाले, “सरळ, एकसारखे, बिनखोट दात हवेत तर ते माझ्या कारखान्यात मिळतात. देवाच्या कारखान्यात तसला माल निघत नाही. तो एकेक नग हातानं करतो. मी बत्तीस वर्षांत एकासारखं दुसरं तोंड बघितलं नाही, आणि ज्यानं ती केली त्याला स्वतःचा हात लागलेला प्रत्येक नग मोलाचा आहे.”

काकांना वाटलं, आज धडा चांगला जमला. तेवढ्यात रुमालामागून आवाज आला, “आणि देव दोन दात विसरला असेल तर?”

तिनं रुमाल खाली घेतला. काकांनी ते तोंड पहिल्यांदाच जवळून पाहिलं. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या दोन्ही बाजूंना एकेक दात नव्हताच. पडलेला नव्हे, आलाच नव्हता. “आईलाही नाहीत. आजोबांनाही नव्हते,” ती म्हणाली आणि रुमाल पुन्हा वर गेला. काकांची दातखीळ बसली. त्यांनी प्रार्थना म्हणून वर्ग सोडला, तोही पंधरा मिनिटं आधी.

पुढच्या महिन्यात तरुणांचा रविवार होता. त्या दिवशी उपासना पोरं चालवत, आणि कोणी काय करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरे. वाचनाची चिठ्ठी निघाली ती तिच्या नावाची. भोंगा पटकन म्हणाला, “मी वाचतो तिच्याऐवजी,” आणि ते त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं. पण काकांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिला वाचायचं होतं. नको म्हणायला मान हलत होती आणि डोळे चिठ्ठीवरून हलत नव्हते.

वर्ग सुटल्यावर काका तिला म्हणाले, “पोरी, मी तुझे दात करतो. त्या रविवारी ते तुझ्या तोंडात असतील. शब्द माझा.”

“मग मी वाचीन,” ती म्हणाली. “दात असतील तर.”

असा शब्द काकांनी आयुष्यात कोणाला दिला नव्हता.

तिची आई बस डेपोत तिकिटांच्या खिडकीत बसे. काचेच्या पलीकडे, माइकवर. ओठ जेमतेम उघडून बोलायची सवय तिला इतकी झाली होती की घरीही तिचं बोलणं खिडकीतून आल्यासारखं वाटे. लेकीला घेऊन ती दवाखान्यात आली, डॉक्टरीणबाईंनी ठसा घेतला, आणि त्या दिवशी कधी नव्हे ते काका जिना चढून वर गेले. रंग जुळवायला. त्यांच्या हातात सोळा छोट्या दातांची पट्टी होती, पांढऱ्यापासून पिवळसर रंगापर्यंत.

“सगळ्यात पांढरा,” मुलगी म्हणाली.

“तो नळाखालच्या बेसिनचा रंग आहे,” काका म्हणाले. “माणसाचा नाही. माझ्यावर सोड.”

त्यांनी तिला खिडकीपाशी उजेडात नेलं, बराच वेळ बघितलं, वहीत टिपून घेतलं: मुळाशी किंचित पिवळी झाक, कडेला पारदर्शक, डाव्या दाताला थोडं तिरपं बसण्याची सवय असावी. आई पलीकडे उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं तशी तिनं ओठ मिटून घेतले.

ते दोन दात करायला काकांनी आठ दिवस घेतले. इतर डबे ताटकळले. डॉक्टरीणबाईंनी वरून दोनदा निरोप पाठवला, काकांनी दोनदा “होतंय” म्हणून कळवलं. टाळूला चिकटून बसणारी प्लेट आणि तिला जोडलेले दोन दात. तुटू नये, हलू नये, पोरीला आयुष्यात पुन्हा लाजायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी प्लेट चांगली दणकट केली. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी ती बसवली आणि आरसा हाती दिला. पोरीनं आधी डावीकडून, मग उजवीकडून बघून घेतलं. मग हसली, रुमालाशिवाय. “हे तर माझेच आहेत,” तिनं हलकेच म्हटलं.

दारात उभ्या काकांना रडू आलं. ते खाली गेले आणि चाकावर उगाच एक दात घासत बसले. घरी जाऊन त्यांनी काकूंना तीन वेळा सगळं सांगितलं. “कळलं हो,” काकू म्हणाल्या, “दाताच्या कण्या केल्यात. आता ताटावर बसा.”

शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम होती. पोरांनी बाक पुसले, पाळकसाहेबांनी क्रम सांगितला आणि मुलगी वाचनपीठापुढे उभी राहिली. उतारा होता तो जळत्या झुडपापुढे उभ्या राहिलेल्या मेंढपाळाचा. देव त्याला म्हणतो, जा, माझ्या लोकांसाठी बोल. आणि तो म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव.

तिनं तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला शीळ वाजली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शीळ. प्रत्येक ‘स’ शिट्टी मारत होता, ‘त’ आणि ‘द’ चिखलातून पाय काढावा तसे निघत होते. भोंग्यानं डोळे जमिनीला लावले. पोरं हसली नाहीत, हे त्यांचे उपकारच. पण न हसण्याचा आवाजही ऐकू येतो. ती तशीच हॉलमध्ये गेली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुमालात तोंड घालून बसली.

काका तिच्यामागे गेले. प्लेट मागून घेतली, उजेडात धरली, आणि त्यांना आपली चूक दिसली. जिभेचं टोक जिथे टेकतं, नेमकी तिथेच प्लेट जाड. दणकट करण्याच्या नादात केलेली. आणि नव्या प्लेटची जिभेला सवय व्हायला निदान दोन आठवडे लागतात, हे कोणताही दातांचा डॉक्टर सांगेल. काकांना मात्र ते आठवलं नव्हतं, कारण बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरचं एकही तोंड कधी बोललं नव्हतं.

“चूक माझी आहे,” काका म्हणाले. “प्लॅस्टर बोलत नाही गं. मी दात बघितले, जीभ विसरलो. आज मी ही घासून पातळ करतो. बरंच सुधारेल. पण उद्या सगळं नीट होईल असं खोटं सांगणार नाही.”

“मग भोंग्याला सांगा वाचायला.”

“पोरी, तुझी किंमत काय दातांवर आहे का? देवानं तुला...”

“काका,” तिनं मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाज स्पष्ट, कारण प्लेट काकांच्या हातात होती. “तुम्ही या संघात अकरा वर्षं हेच सांगता. देवाला आम्ही आवडतो, लोक हसले तर हसू देत. मग तुम्ही का बसता शेवटच्या बाकावर? तुम्ही एकदा तरी पुढे येऊन बोललात का?”

लागलं ते वर्मी लागलं. काकांचे मोठे कान लाल झाले. रागही आला, खोटं कशाला सांगा; वाटलं, आठ दिवस हिच्यासाठी डोळे फोडले आणि ही मलाच शिकवते. पण राग उतरला तेव्हा खाली खरं तेवढं उरलं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

“नाही बोललो,” ते म्हणाले. “भीती वाटते. तेहतीस वर्षं वाटतेय.”

बाहेर पोरं बाक सरकवत होती.

“त्या मेंढपाळाचं काय झालं पुढे?” मुलीनं विचारलं. “देवानं त्याची जीभ बरी केली?”

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेला उतारा, पण या बाजूनं त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता. “नाही,” ते सावकाश म्हणाले. “नाही केली. तशी कुठे नोंदच नाही. देवानं त्याला विचारलं, माणसाला तोंड दिलं कोणी? मीच ना? जा, मी तुझ्या तोंडाबरोबर असेन. शेवटी मदतीला भाऊ दिला, बस, एवढंच. जीभ होती तशीच राहिली आणि देव सोबत गेला.”

“म्हणजे विसरला नव्हता.”

“कोण?”

“देव. त्याला माहीत होतं जीभ जड आहे. माहीत असूनच त्याला बोलावलं.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वी ज्या प्रश्नानं त्यांची दातखीळ बसली होती, त्याचं उत्तर पोरीनं स्वतःच काढलं होतं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “मी वाचते. पण शेवटची प्रार्थना तुम्ही करायची. पुढे येऊन.”

“ती भोंग्याकडे आहे.”

“मी सांगते भोंग्याला.”

काकांनी मान डोलावली.

संध्याकाळी त्यांनी प्लेट घासून पातळ केली. घरी आल्यावर काकूंना सगळं सांगितलं आणि म्हणाले, “माझा आवाज चिरकला म्हणजे? लोक हसले म्हणजे?”

“हसतील त्यांचे दात दिसतील,” काकू म्हणाल्या. “आणि निम्म्यांचे दात तुम्हीच केलेत. बघून तरी घ्या कसे बसलेत ते.”

रविवारी चर्च भरलं होतं. तरुणांचा रविवार म्हणून आईबाप, मावश्या, आत्या सगळे आले होते. मुलीची आई चौथ्या बाकावर, ओठ घट्ट मिटून. काका शेवटच्या बाकावर. गीत झालं, काकूंनी ऑर्गन थांबवला आणि मुलगी वाचनपीठापुढे उभी राहिली.

पहिल्या ओळीला शीळ वाजली. कालच्यापेक्षा बारीक, पण वाजली. पुढच्या बाकांवरचं एक चिमुरडं खुदकन हसलं, त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला, आणि त्या चिमट्यानं ते आणखी मोठ्यानं फिसकन हसलं. मुलगी थांबली. तिनं पुस्तकावरून नजर उचलली आणि सरळ दाराकडे पाहिलं. काका अर्धवट उठले. पळाली तर थांबवायचं की वाट द्यायची, हे त्यांना कळेना.

ती पळाली नाही. तिनं खिशातून रुमाल काढला. काकांना वाटलं, गेलं, आता तोंड झाकणार. तिनं मान जराशी वळवली, प्लेट काढली, रुमालात ठेवली, रुमालाची नीट घडी घातली आणि ती वाचनपीठाच्या कडेला ठेवून दिली. मग समोर बघितलं, सगळ्यांना दिसेल असं तोंड उघडलं, आणि पहिल्यापासून वाचायला लागली.

काय आवाज होता तो! खणखणीत, मोकळा, चार वर्षं दाबून ठेवलेला. मेंढपाळ नको नको म्हणाला तेव्हा लोक गालात हसले, कारण तिनं ते अगदी आपल्या घरातल्या हट्टी पोरासारखं वाचलं. आणि देवाचा प्रश्न आला, माणसाला तोंड दिलं कोणी, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि तो प्रश्न तिनं सगळ्या चर्चला विचारला. ते खुदखुदणारं चिमुरडंही आ करून बघत राहिलं. वाचन संपलं आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना पाळकसाहेबांच्याच तोंडून “वाहवा!” निघून गेलं. मग त्यांनी खोकल्यासारखं केलं, पण उपयोग नव्हता. अख्ख्या चर्चनं टाळ्या वाजवल्या.

ती रुमाल तिथेच ठेवून खाली उतरली. बाकावर बसण्याआधी तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं. या वेळी काकांना कळलं ती काय बघतेय ते.

शेवटचं गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, “प्रार्थना,” आणि भोंगा जागेवरून हललाच नाही; उलट मान वळवून मागे बघू लागला. त्याचं बघून बाकीचे बघू लागले. काका उठले. त्या बाकापासून वाचनपीठापर्यंत किती पावलं ते तेहतीस वर्षं त्यांना माहीत होतं: एकतीस. एकोणिसाव्या वर्षी मोजली होती, उलट्या दिशेनं. आज त्यांनी मोजली नाहीत. ऑर्गनजवळून जाताना काकू डोळे पुसत असल्याचं तेवढं दिसलं.

त्यांनी वाचनपीठाला हात टेकले. रुमालाची घडी तिथेच होती. प्रार्थनेआधी त्यांनी एकदा मान वर केली, आणि बोलायचं विसरले.

आजवर बाकावरून त्यांना या माणसांच्या पाठीच दिसल्या होत्या. आता सगळी तोंडं एकदम समोर होती आणि सगळी हसत होती. त्यांना नव्हे, त्यांच्याकडे बघून. नंबर चारशे बारा, तो दोनदा परत आलेला सुळा. कोपऱ्यातल्या आजींची कवळी, तिसऱ्या बाकावरचे पुढचे चार, शिक्षकांची सोनेरी दाढ. जिन्यामागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात एकट्यानं कोरलेले सगळे दात. पिपाणीला हसणारं चर्च हेच, आणि याच चर्चच्या तोंडात त्याचं आयुष्यभराचं काम बसलं होतं.

“प्रभू,” काका म्हणाले. आवाज चिरकला, वर चढला, छतापर्यंत गेला. त्यांनी तो आवरला नाही. “तू तोंडं दिलीस. आम्हाला ती लपवायला नव्हे, उघडायला दिलीस. उपकार.”

एवढीच प्रार्थना. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ‘आमेन’ आला तो चौथ्या बाकावरून. तिकिटांच्या खिडकीतली बाई उभी राहिली होती आणि तोंडभर हसत होती. पुढच्या दोन दातांच्या दोन्ही बाजूंना, लेकीच्या होत्या तिथेच, दोन फटी. त्या तोंडाला काकांचा हात कधी लागला नव्हता, आणि अख्ख्या चर्चमध्ये काकांना तेच सगळ्यात चांगलं वाटलं.